विग बसला म्हणजे पात्र बसलं असं नसतंय
(वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं)

मागच्या अंकात एवढंच लिहिलं होतं की मांगा (जपानी चित्रकथा) नाहीतर ॲनिमेवरून (जपानी कार्टून) जपानमधे खरी माणसं उभी करून जे पिक्चर निघालेत, ज्याला पोरं लाइव्ह ॲक्शन म्हणतात, त्याच्याबद्दल काय विचारायचं असेल ते पाठवा. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर आली, काहींनी लांबलचक व्हॉइस नोट पाठवल्या. सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि एक आधीच सांगून ठेवते, खाली यामाझाकी आडनावाची तीन माणसं येतील, एक डायरेक्टर, एक लेखिका आणि एक हिरो. तिघं वेगळे आहेत, गोंधळ करून घेऊ नका.

ताई, मी ॲनिमे लई बघतो पण लाइव्ह ॲक्शन लावला की पाच मिनिटात बंद करतो. पिवळे लाल केस लावून माणसं गॅदरिंगच्या नाटकातल्यासारखी दिसायलीत. ज्या देशात इतकं भारी ॲनिमे निघतंय तिथं पिक्चर काहून असे निघतात? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नांदेड)

तुझा राग समजतो आणि बऱ्याच पिक्चरच्या बाबतीत तो बरोबर पण आहे. पण आधी हे बघ की ॲनिमे काढणारे आणि हे पिक्चर काढणारे सहसा वेगळे लोक असतात. ॲनिमे स्टुडिओत चित्रकार बसलेले असतात. लाइव्ह ॲक्शनच्या मागं फिल्म कंपनी, टीव्ही चॅनल, मांगाचा प्रकाशक, जाहिरात एजन्सी असे सगळे मिळून असतात, त्याला तिकडं प्रॉडक्शन कमिटी म्हणतात, प्रत्येकजण थोडे थोडे पैसे घालतो आणि मग प्रत्येकाचं थोडं थोडं ऐकावं लागतंय. मांगा हिट असला की गिऱ्हाईक आधीच तयार असतं, एखादा गाजलेला पोरगा हिरो म्हणून घ्यायचा, तारीख जाहीर करायची आणि पिक्चर काढायचा, म्हणजे गोष्ट नीट बसवायला जो वेळ लागतो तो पहिल्यापासूनच कमी पडतो.

आता केसांचं. मांगा बहुतेक काळ्या पांढऱ्यात छापतात, एका पानावर दहा पात्रं असली तरी वाचणाऱ्याला झटकन ओळखू यावीत म्हणून चित्रकार प्रत्येकाच्या केसांचा आकारच वेगळा काढतो, पुढं ॲनिमेत त्याला रंग चढतो. कागदावर ते खटकत नाही कारण तिथं सगळंच चित्र आहे, भिंत पण चित्रातली आणि आभाळ पण चित्रातलं. कॅमेऱ्यापुढं खरी भिंत असते, खरा घाम, खरी कातडी, आणि त्याच्यावर नायलॉनचा चकचकीत विग ठेवला की डोळा तिथंच अडकून बसतो, पुढचा डायलॉग कानात शिरतच नाही. फुलमेटल अल्केमिस्ट बघ, २०१७ चा. गोष्ट युरोपसारख्या जगातली, नट सगळे जपानी, इटलीत जाऊन शूटिंग केलं, लोखंडी हात आणि मोठ्ठं चिलखत कम्प्युटरवर झकास केलंय, पण हिरोच्या सोनेरी केसांकडं बघूनच माणूस थकतो.

आणि गंमत बघ, ह्याच डायरेक्टरनं, फुमिहिको सोरीनं, २००२ मधे पिंग पाँग काढला होता, तायो मात्सुमोतोच्या मांगावरून, शाळेतल्या दोन दोस्तांची टेबल टेनिसची गोष्ट. तो आज लावला तरी ताजा वाटतो. तिथं बुटांचा करकर आवाज आहे, घामानं चिकटलेला टीशर्ट आहे, हरल्यावर पोरगं कसं मान खाली घालून बसतं ते आहे. हिरोचे केस तिथं पण वाटी ठेवून कापल्यासारखे आहेत पण तिकडं लक्षच जात नाही! म्हणजे माणूस तोच, कला तीच, फरक कशात पडला तर गोष्ट माणसाच्या अंगावर उतरली का नुसती डोक्यावर ठेवली ह्याच्यात.

पैठणच्या नाथांचं भारूड ज्यांनी समोर बसून बघितलंय त्यांना हे जास्त सांगायला नको. बुवा डोक्यावरून पदर घेतो, मिशी तशीच असते, तरी थोड्या वेळात समोर सासुरवाशीणच उभी राहते कारण त्याची मान, हात, आवाज सगळं तिचं झालेलं असतंय. पदर कोणत्या रंगाचा होता हे घरी आल्यावर कुणालाच आठवत नाही. लाइव्ह ॲक्शन बघताना मी एवढंच बघते की सोंग अंगात उतरलंय का, आणि त्या हिशोबानं चांगले पिक्चर आहेत, बरेच आहेत, ते पुढच्या उत्तरांत येतीलच.

मी पोरांना लाठी आणि दांडपट्टा शिकवतो. माझ्या एका शिष्यानं रुरोनी केनशिनमधल्या तलवारबाजीची क्लिप दाखवली. हे खरं करतात का सगळं कम्प्युटरचं काम? (अंबाजोगाई)

गुरुजी, तुमचा प्रश्न मला फार आवडला कारण ह्या पिक्चरची सगळी ताकद तिथंच आहे. तलवारी अर्थातच शूटिंगच्या, गरज पडली तिथं वायर आणि कम्प्युटर वापरलाय, पण पळणं, वाकणं, घसरणं, वार चुकवणं हे जास्तीत जास्त नटांनी स्वतः केलंय. ताकेरु सातो हा हिरो, त्यानं बहुतेक फाइट स्वतः केल्या. ॲक्शन बसवणारा केंजी तानिगाकी, हा जपानी माणूस हाँगकाँगला जाऊन तिथला ॲक्शन हिरो डोनी येनच्या टीममधे काम करून तयार झालेला आहे, म्हणून ह्या पिक्चरमधली लढाई जुन्या सामुराई पिक्चरसारखी वाटत नाही. जुन्यात काय असतं, दोघं समोरासमोर उभे, वारा सुटलाय, कुणी हलत नाही, आणि मग एकाच वारात खेळ खल्लास. त्याची मजा वेगळी. केनशिनमधे माणूस सुसाट पळत येतो, जमिनीलगत वाकून दहा जणांच्या मधून निघतो, भिंतीचा टेकू घेऊन वळतो. परत क्लिप बघाल तेव्हा तलवारीकडं बघू नका, पायाकडं बघा, तुम्हाला तुमच्या कामाचं लई सापडेल.

अजून एक, केनशिनची तलवार उलट्या धारेची असते, धार आतल्या बाजूला, कारण त्यानं माणूस मारणार नाही अशी शपथ घेतलीय. म्हणजे त्याचा प्रत्येक वार हा कापणारा नाही, हाणणारा आहे, समोरचा लाठीचा तडाखा बसल्यासारखा कोसळतो, आणि हे नुसतं सांगितलेलं नाही तर फाइट तशी बसवलीय. मांगा नोबुहिरो वात्सुकीचा, १९९४ ते १९९९ मधे आलेला. पिक्चर एकूण पाच, २०१२ ला पहिला, २०१४ ला दोन, २०२१ ला दोन, सगळे केइशी ओतोमोचे. हा ओतोमो आधी एनएचके चॅनलमधे होता, २०१० ला त्यानं रयोमादेन नावाची ऐतिहासिक मालिका केली होती त्यात सातो एका मारेकऱ्याच्या रोलमधे होता, म्हणजे ह्या जोडीचा तलवारीशी संबंध आधीपासूनचा. चित्रात केनशिनचे केस लालभडक, पिक्चरमधे ते तांबूस तपकिरी करून टाकलेत, कपडे धुवून धुवून विटल्यासारखे. नांदेडच्या पोरानं हे वाचावं.

आणि द बिगिनिंग नावाचा शेवटचा पिक्चर जरूर बघा. तो केनशिनच्या आधीच्या आयुष्याचा, जेव्हा तो खरंच माणसं मारायचा. सुरुवातीलाच त्याला हात बांधून आणून बसवलंय, आणि तशा बांधलेल्या हातांनीच, तलवार दातात धरून तो सगळी खोली साफ करतो. तिथं बघणाऱ्याला अजिबात शिट्टी वाजवावी वाटत नाही, अंगावर काटा येतो. एकाच नटानं आधीच्या पिक्चरमधे हाणायची लढाई केली आणि इथं मारायची, आणि दोन्हीत अंग वेगळं वागतंय. हे शिष्यांना शेजारी शेजारी लावून दाखवा.

ताई मी नीटची तयारी करतेय, हॉस्टेलला आहे. डेथ नोट ॲनिमे पूर्ण पाहिलंय. पिक्चर बघण्यात पॉइंट आहे का? शेवट तर माहीतच आहे. (लातूर)

शेवट माहीत नाही तुला! तोच तर पॉइंट. २००६ मधे ह्याचे दोन पिक्चर एकाच वर्षात आले, पहिला अर्धवट जागी सोडतो आणि दुसऱ्यात, द लास्ट नेममधे, लाइट (ज्याच्या हाती नाव लिहिलं की माणूस मरतो अशी वही लागलीय) आणि एल (त्याला पकडायला निघालेला डिटेक्टिव्ह) ह्या दोघांचा हिशोब मांगापेक्षा वेगळ्या रीतीनं मिटतो. कसा ते मी लिहिणार नाही. मला तर पिक्चरचा शेवट जास्त पटतो कारण मांगात एका टप्प्यानंतर गोष्ट नवीन माणसं आणून लांबते, पिक्चरनं ती सगळी भानगड कापून दोघांच्या डोक्याची लढाई शेवटपर्यंत ताणून धरलीय.

लाइट झालाय तात्सुया फुजिवारा, एल झालाय केनिची मात्सुयामा. मात्सुयामासाठी तरी बघच. उकिडवं बसणं, दोन बोटात वस्तू धरणं, गोड खात राहणं, हे सगळं चित्रातलंच आहे पण त्यानं ते असं केलंय की हा माणूस लहानपणापासून असाच बसत असेल असं वाटतं. उलट रयूक, तो मृत्यूचा देव, तो पूर्ण कम्प्युटरवर केलेला आणि आज बघितला तर जुना दिसतो, ते मान्य करून बघायचं. लाइटला पिक्चरमधे सुरुवातीपासूनच कॉलेजात दाखवलाय, वकिलीचा अभ्यास करणारा, आणि त्याला एक मैत्रीण दिलीय जी मांगात नाहीच. ती कशासाठी दिलीय ते पहिल्या पिक्चरच्या शेवटी कळतं आणि तेव्हा लाइटबद्दल मनात जी काय थोडी माया उरलेली असते ती पण संपते. २०१७ चा अमेरिकन डेथ नोट वेगळा, त्याच्या नादी लागू नकोस. आणि परीक्षा झाल्यावर बघ, दोन्ही पिक्चर दोन दोन तासांच्या वरचे आहेत.

अटॅक ऑन टायटन माझ्या आयुष्यातलं सगळ्यात भारी ॲनिमे. त्याचा जपानी पिक्चर बघून डोकं फिरलं. लेव्हाय कुठंय? आईचा सीन कुठंय? मूळ कथा अशी बदलायचा हक्क ह्यांना कुणी दिला? (बीड)

भावा, तुझ्यासारखी अजून पत्रं आलीत, सगळी तापलेली. पण ह्याचं उत्तर ऐकून तुला अजून धक्का बसेल, बदल करायला खुद्द लेखकानंच सांगितलं होतं. पटकथा लिहिणारा तोमोहिरो माचियामा ह्यानं सांगितलंय की आधी मांगाला धरून लिहिलं होतं आणि मांगाचा लेखक हाजिमे इसायामा, त्यालाच ते नको होतं, त्याला वेगळं काहीतरी पाहिजे होतं. म्हणून मूळ लेखकाची परवानगी होती का नव्हती ह्याच्यावर पिक्चर चांगला ठरत नाही.

२०१५ ला दीड महिन्याच्या अंतरानं दोन भाग आले, डायरेक्टर शिंजी हिगुची. हा माणूस मुळात स्पेशल इफेक्टचा, नव्वदच्या दशकातल्या गामेरा ह्या राक्षसी कासवाच्या पिक्चरांचे इफेक्ट ह्यानंच केलेले, आणि त्या गामेराचा डायरेक्टर होता शुसुके कानेको, म्हणजे वर ज्या डेथ नोटबद्दल लिहिलं त्याचाच डायरेक्टर. हिगुचीचा हात जिथं चालतो ते ह्या पिक्चरमधे दिसतंच. टायटन, म्हणजे माणसं खाणारे राक्षस, त्यांच्यासाठी खरी माणसं घेतली, उघडी, रंगवलेली, आणि त्यांना मोठं करून शहरात सोडलं. ते हसतात तेव्हा ओळखीच्या कुणाचा तरी चेहरा वाटतो, शेजारचे काका आपल्याकडं बघून हसत खायला येतायत असं, आणि ती भीती ॲनिमेपेक्षा वेगळी आणि जास्त घाण आहे. काही शूटिंग नागासाकीजवळच्या हाशिमा बेटावर केलंय, कोळशाच्या खाणीचं ओसाड पडलेलं बेट, त्या पडक्या इमारती खऱ्या आहेत. पहिली हल्ल्याची वीस पंचवीस मिनिटं मी अजून पण कुणालाही बघायला सांगेन.

फसलं ते माणसांच्या बाबतीत. मांगात आई डोळ्यासमोर जाते म्हणून हिरो एरेन पेटून उठतो, ते काढून टाकलं आणि तिथं प्रेमाचा त्रिकोण बसवला, मग एरेन ओरडतो तेव्हा आपल्याला कळतच नाही हा एवढा का ओरडायलाय. लेव्हाय, म्हणजे टायटन मारण्यात सगळ्यात तरबेज सैनिक, तो काढला आणि त्याच्या जागी शिकिशिमा नावाचा नवीन माणूस आणला. नवीन आणायला माझी हरकत नाही, पण लेव्हाय आल्यावर जो आधार वाटतो तसं काहीच ह्याच्याकडं बघून वाटत नाही. बदल केला म्हणून पिक्चर पडला असं मी म्हणणार नाही, जे काढलं त्याच्या तोलाचं परत ठेवलं नाही म्हणून पडला.

पोरगा दिवसभर मोबाइलवर हे जपानी कार्टून बघत बसतो, नववीला आहे. ओरडून काही फरक पडेना. त्याच्यासोबत बसून मला पण बघता येईल असं काही आहे का? मारामारी आणि रक्त नको. (एक आई, परभणी)

आई, तुम्ही ओरडायचं सोडून सोबत बसायचं ठरवलं हे वाचून मला लई बरं वाटलं. तुमच्यासाठी दोन पिक्चर आहेत आणि दोन्ही मांगावरूनच आहेत, फक्त त्यात तलवार नाही की राक्षस नाही, म्हणून पोरांना सहसा माहीत नसतात.

पहिला, ऑल्वेज: सनसेट ऑन थर्ड स्ट्रीट, २००५ चा. रयोहेइ साइगानचा मांगा १९७४ पासून चालू आहे, पिक्चर केलाय ताकाशी यामाझाकीनं. १९५८ चं टोकियो, मागं टोकियो टॉवर उभा राहायलाय, पिक्चर पुढं सरकतो तसा तो पण वर चढत जातो. आओमोरीकडच्या खेड्यातली एक पोरगी शाळा संपवून नोकरीसाठी रेल्वेनं शहरात येते, तेव्हा अशी पोरं पोरी गाड्या भरभरून यायची. तिला वाटलेलं असतं मोठ्या मोटार कंपनीत लागले, आणि बघते तर गल्लीतलं एक गॅरेज, मालक तिरसट, त्याची बायको मायाळू. आपल्याकडून पुण्याला कंपनीत लागायला गेलेल्या कुठल्याही पोराच्या आईला तिचा पहिल्या दिवसाचा चेहरा बघून काय वाटेल ते मी सांगायला नको.

त्यातला एक सीन नीट बघा. गॅरेजवाल्याच्या घरी फ्रिज येतो. सगळे दार उघडून आत तोंड घालून गार हवा घेतायत, हसतायत. आणि बाहेर त्यांची जुनी बर्फाची लाकडी पेटी टाकून दिलेली आहे, बर्फ विकणारा माणूस येतो, त्या पेटीकडं बघत उभा राहतो. एक शब्द नाही. बर्फवाल्याचा धंदा गेला हे कुणी बोलून दाखवत नाही आणि तरी सगळं कळतं. टीव्ही येतो तेव्हा अख्खी गल्ली कुस्ती बघायला त्यांच्या घरात कोंबून बसते, ते बघताना तुम्ही पोराला तुमच्या लहानपणच्या गोष्टी सांगायला लागाल बघा. अजून एक धागा आहे, किराणा गोळ्या बिस्किटं विकणारा एक पडेल लेखक आणि त्याच्या गळ्यात पडलेलं एक अनाथ पोरगं. तो लेखक एका बाईला लग्नाचं विचारतो तेव्हा त्याच्याकडं अंगठी घ्यायला पैसेच नसतात, नुसती रिकामी डबी घेऊन येतो, आणि ती हात पुढं करून म्हणते, घाला की. मग तो नसलेली अंगठी तिच्या बोटात घालतो आणि ती हात दिव्यापुढं धरून बघते. डोळ्याला पदर लावायची तयारी ठेवा.

मूळ मांगात ती खेड्यातली पोरगी हे पात्र पोरगी नाहीच, पोरगा आहे. पिक्चरसाठी बदललं. जपानच्या ॲकॅडमी पुरस्कारांत १३ पैकी १२ ह्या पिक्चरनं नेले. आणि पोराला सांगा की ज्यानं हे सगळं जुनं टोकियो कम्प्युटरवर उभं केलं त्याच ताकाशी यामाझाकीनं पुढं गॉडझिला मायनस वन काढला आणि २०२४ ला इफेक्टसाठी ऑस्कर घेतलं, मग तो बसेल बघायला.

दुसरा, अवर लिटल सिस्टर, २०१५, हिरोकाझु कोरे-एदाचा, कान फेस्टिव्हलच्या स्पर्धेत होता. मांगा अकिमी योशिदाचा. समुद्राकाठच्या कामाकुरा गावात तीन बहिणी जुन्या घरात राहतात, बाप लई वर्षांपूर्वी दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेलेला. तो वारल्याचं कळतं, अंत्यविधीला जातात आणि तिथं त्यांना सावत्र बहीण भेटते, शाळकरी. निघताना रेल्वेच्या दारातून थोरली विचारते, येतेस का आमच्याकडं राहायला? बास, गाडी सुटायच्या आत त्या पोरीला ठरवायचं असतं. पुढं काही मोठं घडत नाही, अंगणातल्या झाडाची फळं काढतात, दारू मुरवतात, खांबावर उंचीच्या खुणा करतात, आणि बापावरचा राग हळूहळू कुठं जातो ते कळत नाही. सावत्र नात्याची इतकी जीव लावून सांगितलेली गोष्ट मी दुसरी बघितली नाही. पोरगं पहिल्या अर्ध्या तासात कंटाळेल, तुम्ही उठू नका.

मांगाचा पिक्चर कोट्यवधी कमावतो तेव्हा चित्रं काढणाऱ्याला किती मिळतात? (जालना)

हा पैशाचा प्रश्न एकट्यानंच विचारला आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. थर्मे रोमे म्हणून पिक्चर आहे, २०१२ चा, जुन्या रोममधला स्नानगृहं बांधणारा इंजिनिअर थेट आजच्या जपानी सार्वजनिक न्हाणीघरात येऊन पडतो, हिरोशी आबे हा उंचापुरा जपानी नट रोमन झालाय आणि काय झालाय! तुफान चालला, जवळपास ६०० कोटी येन धंदा झाला. लेखिका मारी यामाझाकीनं नंतर टीव्हीवर सांगितलं की तिला पिक्चरसाठी गोष्ट वापरण्याचे मिळाले साधारण १० लाख येन. पिक्चरनं पुस्तकं जास्त खपतात, त्याची रॉयल्टी मिळते, हे खरं, पण पिक्चरच्या गल्ल्यात लेखकाचा वाटा सहसा नसतो, एकदाच ठरलेली रक्कम असते.

आणि पैशापेक्षा पण अवघड गोष्ट म्हणजे लेखकाचं ऐकतं कोण. २०२३ ला हिनाको आशिहारा ह्या लेखिकेच्या मांगावर निप्पॉन टीव्हीची मालिका आली. मांगाला धरूनच करा ही तिची अट होती, स्क्रिप्टवरून ओढाताण झाली, शेवटचे दोन भाग तिला स्वतः लिहावे लागले. जानेवारी २०२४ मधे ती गेली. त्यानंतर चॅनल आणि प्रकाशक शोगाकुकान दोघांनी चौकशीचे अहवाल जाहीर केले आणि जपानमधले कितीतरी मांगाकार पहिल्यांदा उघडपणे बोलायला लागले. आपण इकडं बसून विगवर हसतो किंवा फाइटवर टाळ्या वाजवतो, पण ज्या बाईनं ती माणसं कागदावर जन्माला घातली तिचं म्हणणं मीटिंगमधे कोण मांडत होतं हे पण विचारलं पाहिजे. चांगलं उदाहरण पण आहे, किंगडम. यासुहिसा हाराचा मांगा, जुन्या चीनमधल्या युद्धांचा, २०१९ च्या पहिल्या पिक्चरच्या पटकथेत हारा स्वतः बसला होता. हिट झाला, पुढचे भाग २०२२, २०२३, २०२४ असे येत गेले आणि माणसं घट्ट राहिली.

थोडक्यात:

हिंदी डबिंग मिळेल का (हिंगोली): काहींचं मिळतं, ओटीटीवर आज असतं उद्या जातं, पण सबटायटलची सवय लावा. जपानी नटाचा आवाज गेला की अर्धा अभिनय जातो, चार दिवस त्रास होतो मग वाचतोय हे विसरायला होतं.

नेटफ्लिक्सचा वन पीस ह्यात धरायचा का (उदगीर): जपानी पिक्चर म्हणून नाही, ती २०२३ ची मालिका इंग्रजीत आहे, शूटिंग दक्षिण आफ्रिकेत. पण लेखक ओदा स्वतः निर्मात्यांत होता आणि ते दिसतं. त्यातला झोरो म्हणजे माकेन्यू, तो केनशिनच्या द फायनलमधला व्हिलन आहे, तिथं बघा.

प्रत्येक पिक्चरमधे तोच पोरगा काहून (धाराशिव): केंतो यामाझाकी म्हणायचंय ना तुम्हाला! किंगडम, ॲलिस इन बॉर्डरलँड, जोजो, गोल्डन कामुय, सगळीकडं तोच. नाव बघून लोक तिकीट काढतात हे एक, पण किंगडममधे घोड्यावर आणि चिखलात त्यानं जी मेहनत घेतलीय ती बघून मी त्याच्या बाजूनं झाले.

हे सगळं हल्लीचं फॅड आहे का (सेलू): मुळीच नाही. लोन वूल्फ अँड कबचे सहा पिक्चर १९७२ ते १९७४ मधे आले, बाप तलवारबाज, लेकरू लाकडी गाड्यात. मांगा लिहिणाऱ्या काझुओ कोइकेनं पहिल्याची पटकथा स्वतः लिहिली. त्याच्याच दुसऱ्या मांगावरून १९७३ चा लेडी स्नोब्लड, मेइको काजीचे डोळे बघाल तर कम्प्युटर इफेक्ट विसराल. रक्त मात्र दोन्हीत भरपूर, परभणीच्या आईंनी लांब राहावं.

ताई, मी फाइन आर्टला आहे. आमच्या गावच्या बारवेची भुताची गोष्ट चित्रकथा म्हणून काढलीय, आता मित्रांना घेऊन मोबाइलवर शॉर्ट फिल्म करायचीय. चित्रं आहेत तशीच शूट करू का? (छत्रपती संभाजीनगर)

तशीच नको. तुझी चित्रं स्टोरीबोर्ड म्हणून अर्धं काम करतील, कुठून बघायचं, कोण कुठं उभा, हे त्यात आलंय. पण प्रत्येक चित्रावर खूण कर की ही गोष्ट फक्त चित्रातच होते का. भुताचे केस बारवेभर पसरलेत, डोळे चेहऱ्याबाहेर आलेत, असं काही असेल तर ते मोबाइलवर करायला जाऊ नकोस, विग आणि पावडर दिसेल. तिथं दुसरं काहीतरी शोध. तुझ्याकडं खरी बारव आहे, खऱ्या पायऱ्या आहेत, आत आवाज घुमतो, दुपारी बाराला पण खालच्या पायरीवर अंधार असतो, हे कागदावर तुला कधीच मिळालं नसतं. हिगुचीनं टायटनला माणसाचा चेहरा ठेवला म्हणून भीती वाटली, तू पण भूत म्हणून गावातल्याच एखाद्या म्हातारीला साध्या लुगड्यात बसव आणि तिला काहीच करायला सांगू नकोस, नुसतं बघायला सांग.

गोष्ट कापायला घाबरू नकोस. ओल्डबॉय हा मुळात जपानी मांगा, माणसाला कारण न सांगता १० वर्षं कोंडून ठेवलेलं, पार्क चान-वूकनं कोरियात पिक्चर काढताना ते १५ केलं, कोंडण्यामागचं कारण पण बदललं, आणि २००४ ला कान फेस्टिव्हलमधे ग्रां प्री हे मोठं बक्षीस घेतलं. तू तर स्वतःच लेखक आहेस, तुला कुणाची परवानगी काढायची नाही. बारव जुनी असेल तर ग्रामपंचायतीला आधी सांगून ठेव, पाण्याजवळ शूटिंग करताना पोहणारं कुणीतरी सोबत ठेव. दहा मिनिटांच्या आत बसव. आणि अजिंठा वेरूळ फिल्म फेस्टिव्हल तुझ्याच शहरात भरतो, त्यात मराठवाड्यातल्या शॉर्ट फिल्मची स्पर्धा पण असते, तारखा बघून तिथं पाठव, पाठवलीस की आम्हाला कळव.